बूट पार्टिशन जोडलेलं नव्हतं

येरवडा, पुणे
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय चेतन,
सप्रेम जय भीम.

बंगळुरूत थंडी सुरू झाली असेल. बाबांची शुगर आटोक्यात आहे. नजर मात्र आता पूर्णच गेली. उजेड-अंधार तेवढा कळतो. फोनवर मी भलतंच बोलत बसते, म्हणून हे पत्र.

आई गेल्यावर तू बाबांसाठी बसवून दिलेला तो तळहाताएवढा कॉम्प्युटर काल पुन्हा बोलला. सकाळी सहाला आईची बुद्धवंदना लागली. तिच्याच आवाजात, मधल्या खोकल्यासकट.

तो बंद कसा पडला, ते सांगते. मार्चमध्ये आपलं भांडण झालं, तू गेलास. 'अपडेट करायच्या आधी मला विचार,' असं तू बजावलं होतंस. मी रागात विचारलं नाही. स्वतःच केलं आणि आवाज गेला. मला वाटलं, आईचं रेकॉर्डिंग मी पुसून टाकलं.

बाबा म्हणाले, "आमू, आज तुझी आई बोलली नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं, "चेतनने तिकडून बंद केलंय."

तेव्हापासून ते तुझा फोन आला की मान फिरवायचे. मी तुला सांगायचे, "झोपलेत." आठ महिने.

परवा ऑफिसातल्या मैत्रिणीच्या घरी, कर्वेनगरला, तो घेऊन गेले. ती म्हणाली, "मेमरी कार्डावर बूट पार्टिशन नावाचा एक छोटा भाग असतो. चालू होताना मशीन आधी तोच वाचतं. तो माउंटच नव्हता, म्हणजे जोडलेला नव्हता. त्या भागाचं अपडेट दुसऱ्याच फोल्डरमध्ये जाऊन पडलं. मशीन जुन्यावरच चालू होत राहिलं, बाकीचं नवं त्याच्याशी जुळेना, म्हणून आवाज नाही. रेकॉर्डिंगला काहीही झालेलं नाही, अगं." तिने तो भाग माउंट केला, अपडेट पुन्हा चालवलं. वीस मिनिटांचं काम.

वंदना संपल्यावर बाबांना सगळं सांगितलं.

"म्हणजे पोराने बंद केलं नव्हतं?"

"नाही. मी."

ते स्पीकरवर हात ठेवून बसले. मग एवढंच म्हणाले, "आठ महिने मी त्याच्याशी बोललो नाही." ओरडले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी त्यांनी तुझा नंबर मला विचारून पाठ केला. बटनांच्या नव्या फोनवरून स्वतः लावणार आहेत. हे पत्र आधी पोहोचावं म्हणून मी त्यांना चोवीस तारखेच्या रविवारपर्यंत थांबवलंय. मी तेव्हा घरात नसेन. अनोळखी नंबर दिसला तरी उचल.

माफ कर, असं तीनदा लिहिलं आणि खोडलं. ते तुझ्यासमोर उभं राहून म्हणायचं आहे. तू येऊ देशील तेव्हा.

तोवर ताई म्हणून सही करवत नाही.

आम्रपाली