फोटोतला मनोरा

९ ऑक्टोबर १९७९
दिवाळीचा चुना मारायला देवाची तसबीर उतरवली, तर मागून फोटोच पडला! समोरच्या इंग्रजांच्या वेळच्या चर्चचा मनोरा. पाठीवर साल, १९३१. आमच्याच क्वार्टरच्या आतून काढलेला, कारण कडेला आमच्या दाराची चौकट दिसते. चौकट नि मनोरा, दोन्ही सरळ. मधली फट वरखाली सारखीच.
दाराची कडी आजही लागली नाही. पावसानं लाकूड फुगलं, दुसरं काय!

१० ऑक्टोबर
सहज त्याच जागी उभी राहिले. मनोरा कलला आहे! फट वर तीन बोटं, खाली एक. फोटो धरून पाच वेळा पाहिलं.
मनोऱ्याखालूनच मँगनीजच्या खाणीचा बोगदा जातो. हे रोज तिथंच उतरतात. जमीन बसत असेल तर? देवा!

११ ऑक्टोबर
यांना दाखवलं. हसले. "फोटो पाहून खाण बसते काय? काहून जीव खाऊन राहिली?"
सासूबाई म्हणाल्या, "तिले काही दिसलं असन तं ऐक ना जागेश्वर बाबू एक डाव."
मी जेवले नाही.

१२ ऑक्टोबर
दुपारी भोंगा झाला. पाळी सुटल्याचाच. तरी मी ताट टाकून खाणीकडे पळाले.

१३ ऑक्टोबर
भांडले. रडले. शेवटी म्हटलं, "हप्ताभर खाली उतराल तर माझं मेलेलं तोंड पाहाल!"
यांनी डबा आदळला. "लोकं हासतीन मले!" पण थांबले. मी आतल्या भिंतीशी खाट टाकून दिली. दिवसभर तोंड फिरवून पडून होते. असू दे रुसवा. जिवंत तर आहेत!

१५ ऑक्टोबर
आजही घरीच. आज मी पोटभर जेवले.

१७ ऑक्टोबर
सेवकराम मिस्त्रीला सरळपणा मोजायचा दोरीचा ओळंबा घेऊन बोलावलं. त्यानं तो मनोऱ्याला लावला. "बाई, मनोरा तं एकदम सरळ हाय!"
मी फोटो पुढे केला. तो आमच्या दारात येऊन उभा राहिला. ओळंबा आमच्या चौकटीला लावला. मग आतल्या भिंतीला. भिंत वरून चार बोटं आत झुकलेली.
"आधी जागेश्वरभाऊले उठवा. म्हातारीले घ्या. आत्ताच्या आत्ता!"
सगळे चर्चच्या पायरीवर बसलो आहोत. वर तोच मनोरा. चार दिवस शपथ घालून मीच यांना त्या भिंतीखाली झोपवलं.