उताराची फळी

घरच्या मालकिणीस सप्रेम नमस्कार.

आपली नात बरी आहे. दिवस भरायच्या आधीच आली म्हणून तिचं दूध अजून वर येतं, पण डॉक्टरबाई म्हणाल्या, औषध नको. थोडं थोडं पाजायचं आणि पाजल्यावर अर्धा तास उभं धरायचं.

बाळाचं डोकं उंच राहावं म्हणून मी पाळण्यातल्या गादीखाली उताराची फळी रंधा मारून बसवली होती, सुताचाही फरक नाही. नर्सने ती काढायला लावली. म्हणाली, "आजोबा, बाळ सपाट गादीवर, उताणंच झोपवायचं. एवढी हौस आहे तर तुम्हीच फळी व्हा!" तेव्हापासून मीच फळी आहे.

आपली लेक दूध काढून देते, पण बाळाला घेत नाही. जुळ्यातली दुसरी गेल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडून असते. जेवते मात्र, तू काळजी करू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत?

काल बाळ माझ्या खांद्यावर ओकलं. लेक आपणहून उठली, ओल्या फडक्याने माझा सदरा पुसू लागली. पुसता पुसता तिचा हात बाळाच्या पाठीवर टेकला, क्षणभर थांबला आणि मागे गेला.

मी हललो नाही. फळीने हलायचं नसतं.

तुझाच,
हट्टी सुतार