चिंगीच्या प्रदक्षिणा

अप्पा,
तुमचा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. चिंगीला टोपलीत घालून डॉक्टरांकडे नेतेय. रिपोर्ट आलाय. तिच्या मेंदूत बुरशी झालीय. मांजरांत फार क्वचित होतं म्हणे. म्हणून ती मान वाकडी करून, झोपेत चालल्यासारखी तुळशीभोवती फिरायची.

तुम्ही म्हणालात, "आईच्या राहिलेल्या प्रदक्षिणा घालतेय, अडवू नकोस." आणि पंधरा दिवस मीही चहा घेऊन बघत बसले. शिकलेली माणसं आपण! पण मलाही ते खरं असावंसं वाटत होतं.

बरी होईलच असं डॉक्टर म्हणत नाहीत. वरणभात कुकरमध्ये आहे.

आई गेल्यावर तुम्ही अंगणात आलात ते चिंगीला बघायलाच. आज ती नाही, तरी या. तुळस सुकलीय.

ऋजुता