आमच्या वर्षाचे शंभर टक्के

सिस्टर, तुम्ही जाऊन दहा वर्षं होतील, आणि तुमच्या शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. रौप्यमहोत्सवाची स्मरणिका काढतायत. महाडच्या त्याच शाळेत मी आता मराठी शिकवते, तेव्हा "तुम्हीच लिहा, बाई" असं झालं. बघा गंमत! जिला बाहेर काढलंत, तिच्याच हातात तुमची अब्रू. पत्र्याचे दोन वर्ग, पहिल्या मुली, सगळं लिहिलं. निकालाच्या फळ्यावर आमच्या वर्षासमोर शंभर टक्के आहे, तिथे अडले.

दहावीच्या पहिल्या चाचणीत गणितात मला वीसपैकी चार पडले आणि तुम्ही बाबांना बोलावून घेतलंत. भाताची लावणी टाकून ते आमच्या गावाहून, कापड्याहून आले, नखांत चिखल तसाच. तुम्ही त्यांना बसासुद्धा म्हणाला नाहीत. "दाखला घेऊन जा. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसू दे हिला, शाळेचा निकाल खाली यायला नको." बाबा हात जोडून उभे. "शिस्टर, पोर हुशार हाय. नापास नाय व्हायची ती. नाव शाळंतच ऱ्हाऊ द्या." तुम्ही कागद पुढे सरकवलात. बाबांनी सावकाश, पूर्ण नावाची सही केली. वर मला शाईपेन दिलंत, "निबंध छान लिहितेस." लाज नाही वाटली? पोलादपूरची एस.टी. धरण्याआधी ते पेन मी सावित्री नदीत भिरकावलं. 

मार्चमध्ये परक्या शाळेत, गणवेशातल्या मुलींच्या ओळीत मी एकटी फुलाफुलांच्या ड्रेसात बसले. जूनमध्ये तुम्ही पेढे वाटलेत म्हणे. मेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात. म्हणोत! मी लिहिलंच, की या शंभर टक्क्यांसाठी एका मुलीला दाखला हातात दिला होता, आणि ती मुलगी पास झाली. तुमच्या फोटोच्याच पानावर. आताच्या मुख्याध्यापिकांनी वाचलं आणि म्हणाल्या, "खुशाल छापा, पण शेजारी त्या मुलीची गुणपत्रिका छापा. नाहीतर लोक म्हणतील, सूड उगवला."

गुणपत्रिका कपाटात आहे, सिस्टर. तिच्यावर ऑक्टोबर लिहिलंय. मार्चमध्ये मी गणितात नापास झाले होते. बाबांना सांगितलं, बाहेरून बसणाऱ्यांचा निकाल उशिरा लागतो. थंडीत तो लागला तेव्हा त्यांनी कापड्यात घरोघर पेढे दिले आणि म्हणाले, "शिस्टरला नेऊन दाखव गो, तुमचं चुकलं म्हणावं." मी गेले नाही. बाबा अजून तीच गोष्ट पाहुण्यांना सांगतात, आणि स्मरणिका आली की चष्मा लावून अक्षर अक्षर वाचतील.

तुम्हाला माफ केलं असं समजू नका. मरेपर्यंत करणार नाही. पण आज दुपारी ते वाक्य मी खोडलं, आणि आमच्या वर्षासमोर स्वतःच्या हाताने शंभर टक्के लिहिलं.