बाबांचा मॉड सगळ्यात वर

३ जून
ती. दादास,
सा. न. वि. वि.
फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. तू हौसेनं बनवून पाठवलेला 'नवा समुद्र' मॉड, ती गेम बदलणारी जोड, मी पाणबुडीच्या गेममध्ये घातली आणि त्यातला बाबांचा आवाज गेला. अर्धांगाचा झटका येऊन वाचा जाण्याआधी त्यांनी स्वतःच्या आवाजात हुकूम भरून मॉड केला होता. तोच ऐकून ते रोज 'बुडी मारा', 'इंजिन बंद' असं मागून एकेक शब्द म्हणायचे. वाचा परत यायला तेवढाच उपाय लागू पडत होता. आता कोणी परका खलाशी ओरडतो आणि बाबा तोंड मिटून बसतात. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, तशी तुझी भेट.
तुझी (अजून तरी) बहीण

१० जून
चि. छकुलीस,
अ. आ.
नाचता येईना अंगण वाकडं. बाबा वडीलधारे म्हणून त्यांचा मॉड यादीत सगळ्यात वर लावला असशील. इथे मानपान चालत नाही. गेम ती यादी वरून खाली वाचतो आणि दोन मॉड एकाच जागेवर आले की शेवटचा टिकतो. बाबांना सगळ्यात खाली घाल. आणि विचारल्याशिवाय माझ्या कामाला नावं ठेवू नकोस.
दादा

१७ जून
ती. दादास,
सा. न. वि. वि.
बाबांना खाली घातलं. आवाज आला, पण पाणबुडीनं बुडी मारली की गेमच बंद पडतो. बाबांना वाटतं, चूक त्यांचीच. काल त्यांनी कीबोर्ड ढकलून दिला. मग तुझ्या मॉडसोबतची सूचना वाचली. तो गेमच्या नव्या आवृत्तीसाठी आहे, आपला गेम जुना. तुला हे ठाऊक होतं आणि तू मला शहाणपण शिकवत बसलास. तुझा मॉड काढते.
बहीण

२४ जून
चि. छकुलीस,
अ. आ.
काढायचा नाही. त्या लाटांवर मी दोन वर्षं डोळे फोडलेत. बाबांनी एकदा बघाव्यात, एवढंच मनात होतं. तू तिथे राहतेस म्हणून ते तुझ्या एकटीचे होत नाहीत. त्यांचा आवाज नव्या आवृत्तीत बसवून पाठवतो. तोवर कशालाही हात लावू नकोस.
दादा

१ जुलै
ती. दादास,
सा. न. वि. वि.
तुझं पत्र येण्याआधीच काढला होता. बाबा पुन्हा हुकूम म्हणू लागले.
काल मात्र गेम बंद होता. मी त्यांना भरवत होते आणि आजारानंतरचा पहिला स्वतःचा शब्द त्यांनी उच्चारला. कोणी पढवला नव्हता. 'दादा' म्हणाले. वर्षभर अंग पुसते मी आणि नाव घेतलं तुझं. इतका राग आला की हे तुला कळवायचंच नाही असं ठरवलं. पण सकाळपासून ते दाराकडे बघतायत.
आता मॉड-बिड पाठवू नकोस. स्वतः ये. लोभ उरला असेल तर याच आठवड्यात ये, नसला तरी याच आठवड्यात.
छकुली