साडेपाच तासांची दुरुस्ती

३ फेब्रु.
सकाळी पंपाच्या दोन जळक्या मोटारी नव्या तारेनं भरल्या. शिरूरची तीन एच.पी., उमापूरची पाच. तारेचे वेढे स्वतः मोजले; पाटीवरचा आकडा मी कधी धरत नाही.
दुपारी लघुग्रह शोधमोहिमेनं आमच्या गटाला दिलेली दुर्बिणीची चित्रं संगणकावर उतरवली. आकाशाचा एकच तुकडा, थोड्या थोड्या वेळानं टिपलेली चार चित्रं. एकामागून एक फिरवली. सगळे तारे जागच्या जागी, एक ठिपका सरकतोय. जोरात. सरळ रेषेत. माहीत असलेल्या लघुग्रहांच्या यादीत नाही. तीनदा पाहिली यादी.
अहवाल धाडला. चित्रांवरच्या वेळा आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागं होत्या. धाडण्याआधी चारही दुरुस्त केल्या.

५ फेब्रु.
मोहिमेकडून उत्तर. ठिपका खरा वाटतो. दुसऱ्या दुर्बिणीला दिसला की नोंद पक्की. आठवडाभरात नाही दिसला तर हरवला.
आमच्या गटाचे प्रमुख जाधव सर शाळा सुटल्यावर पेढे घेऊन दुकानात. "मिस्त्री, आठवी नापास माणसाचा लघुग्रह!"
"नापास न्हाई सर. सोडली."

८ फेब्रु.
दोन दुर्बिणींनी बघितलं. असायला हवा तिथं रिकामं.
सर: "त्यांचंच चुकलं असंल. तुमी कावून चुकताल?"
बरं वाटलं.

१० फेब्रु.
मोहिमेच्या सूचना आज पहिल्यांदा पूर्ण वाचल्या. पान दोन: चित्रावरची वेळ जागतिक असते, आपल्या साडेपाच तास मागं; बदलू नये.
म्हणजे वेळ बरोबर होती. मीच ती आपल्या घड्याळाला... साडेपाच तासांत तो कुठल्या कुठं गेला. लोक माझ्या आकड्यावर भलतीकडं बघत बसले.
जेवलो नाही. बायको सुशीला ताट घेऊन उभी. "काय झालं?"
"मोटार जळली."
"कुणाची?"
"आपली."
"आपल्याला कुठं हाय मोटार?"

११ फेब्रु.
बायकोला सगळं सांगितलं. म्हणाली, "तुमच्या चुकीनं गिऱ्हाइकाची जळली तर फुकट भरून देता ना? मग कळवा की."
कळवलं तर गटात तोंड कसं... सरांनी शाळेच्या फळ्यावर माझं नाव लिहिलंय, अजून पुसलेलं नाही. न कळवलं तर त्या ठिपक्याला कुणीच शोधणार नाही.
पत्र लिहिलं. पाठवलं नाही. आणखी एक दिवस उगाच गेला त्याचा.

१३ फेब्रु.
पाठवलं. खऱ्या चार वेळा, खाली नाव. सरांना प्रत.
उत्तर नाही. सरांचाही फोन नाही.
आता किती आकाश धुंडाळावं लागेल याचा हिशेब मांडला. अर्ध्यात सोडला.
चित्रं परत फिरवली. एक, दोन, तीन, चार. चौथ्यात ठिपका कडेला टेकलाय.
पाचवं चित्र नाही.