विठ्ठल भावजींनी नाकारलेला गोल

लाटंबार्से,
गुरुवार, दुपार

विठ्ठल भावजी यांस,

वहिनीचा आशीर्वाद. (फुटबॉलच्या फायनलनंतर काही दिवस तो मी अडवून धरला होता, आता सोडला आहे.) इथे सगळं ठीक आहे, म्हणजे मी बरी, गाय बरी आणि गौरेश जेवतो. तुमचा गुडघा कसा आहे? भात कापलेल्या शेतात तुम्ही शिट्टी तोंडात धरून इकडून तिकडे धावत होता, तेव्हाच मला वाटलं होतं की हा माणूस आता तुयेच्या फॅक्टरीत लंगडत जाणार. देवकीला म्हणावं, तेल कोमट करून चोळून दे. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून हे पत्र. उचलला असता तर मी दोन मिनिटांत भांडून मोकळी झाले असते. आता सगळं वाचा.

आधी माझ्या ओरडण्याबद्दल. ओरडले, हे खरं आहे, आणि काय ओरडले ते परत लिहीत नाही, कारण हा कागद देवकीच्या घरात राहणार. पण तुम्हीही माझ्या जागी उभे राहून बघा. मॅच संपत आलेली, आपण कारापूरपेक्षा एका गोलाने मागे, आणि तुम्ही आपल्याला पेनल्टी दिलीत. (तेव्हा सगळ्या गावाला तुम्ही देवमाणूस वाटलात. ते फार वेळ टिकलं नाही.) मारायला गौरेश. चषक त्याच्या बापाच्या, तुमच्या भावाच्या नावाचा, वर बापाचा फोटो चिकटवलेला. चेंडू गेला, खांबावर आपटला, परत गौरेशच्याच पायाशी आला आणि त्याने तो आत घातला. लोक नाचले. सगुणकाकांनी फटाक्यांची माळ लावली, आणि ते कमिटीचे अध्यक्ष असल्याने त्यांना कोणी थांबवलं नाही. ती माळ वाजत असतानाच तुम्ही हात वर करून गोल नाही म्हणालात. माळ मध्येच विझवता येत नाही, त्यामुळे आपला गोल रद्द झाल्याचा आनंद आपणच बराच वेळ साजरा करत होतो.

घरी येऊन मी शेजारच्या सेजलला सांगितलं, मोबाईलवर नियम काढ आणि मोठ्या अक्षरात दाखव. तुम्हाला माहीत आहे, मी शाळा चौथीत सोडली आणि पुढचं वाचन वर्तमानपत्रावर शिकले. पण खेळाचं पान तुमचे भाऊ सकाळपासून धरून बसायचे, ते कधी हातात आलं नाही. म्हणून मला जगातलं सगळं थोडं थोडं माहीत आहे, फुटबॉल सोडून. (आता ते पान मोकळं असतं. मी ते घडी न मोडता ठेवते, मग संध्याकाळी मोडते.) तर नियम असा निघाला की पेनल्टी मारणाऱ्याने एकदा चेंडू मारला की दुसऱ्या कुणाचा स्पर्श होईपर्यंत त्याने परत पाय लावायचा नाही. खांब हा खेळाडू नव्हे. मी पुन्हा पुन्हा वाचलं, दर वेळी तुम्हीच बरोबर निघालात, आणि दर वेळी मला तुमचा जास्त राग आला. चूक माणसावर रागावण्यात निदान काही समाधान असतं.

हे मी सगुणकाकांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, नियम आम्हालाही कळतो, पण कारापूरच्या गोलकीपरचं बोट चेंडूला लागलं होतं, आणि बोट लागलं तर गोल धरायलाच हवा. "विठ्ठलान आमचो गोल खालो," हे त्यांचं म्हणणं. आणि नात्यातला माणूस रेफ्री ठेवायचाच नसतो, हे ते आता तिठ्यावर उभे राहून सांगतात. बाहेरचा रेफ्री कशाला, त्याला मानधन द्यावं लागेल, आपला विठ्ठल आहे ना, हेसुद्धा त्यांनीच त्याच तिठ्यावर सांगितलं होतं.

बोट लागलं की नाही यावर गावात दोन तट पडले, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की देवाला प्रसाद लावून कौल घेऊया. तुम्ही हसाल, पण लावला. सगळी कमिटी आंघोळ करून देवळात. भटजींनी देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं: बोट लागलं असेल तर उजवी दे, विठ्ठलाची शिट्टी खरी असेल तर डावी दे. सगळे श्वास धरून बसले. सगुणकाकांना उकडलं, आणि त्यांनी, देवळाला स्वतःच दिलेला, नवीन पंखा लावला. दोन्ही पाकळ्या एकदमच खाली. मग उजवी आधी की डावी आधी यावर भांडण, उजवी म्हणजे देवाची की आपली यावर दुसरं भांडण, आणि कुणीतरी म्हणालं की पुढच्या वेळी गाभाऱ्यासमोर मोबाईल लावून ठेवूया, म्हणजे पाकळी हळूहळू पडताना परत बघता येईल. शेवटी भटजी वैतागले. "अरे, गाय खंय गेली, सोयरीक करची काय, तें विचारात. देवाक फुटबॉल कोणें शिकयला?" म्हणाले आणि पंखा बंद करून आत गेले. तेव्हा देवाच्या दारात तुमचा निकाल अजून लागलेला नाही, हे कळवते.

गंमत म्हणून हे लिहिलं, पण भावजी, एक गोष्ट मला या दिवसांत कळली. तुमचे भाऊ असते तर ते मैदानात घुसले असते. तुमची शिट्टी हिसकावली असती, सगळ्यांसमोर तुम्हाला नको नको ते बोलले असते, आणि मॅच संपल्यावर तुमच्याच मानेवर हात टाकून तुम्हाला घरी आणून ताटावर बसवलं असतं. मी हुमण वाढलं असतं आणि तुम्ही दोघं माशाच्या डोक्यावरून परत भांडला असता. त्यांचं भांडण नेहमी जेवणापर्यंतच टिकायचं. आता भांडायला सगळं गाव आहे, पण जेवायला हाक मारणारा कोणी नाही, म्हणून हे एवढं लांबलं. तुम्ही मैदानातून सरळ बस पकडलीत. गौरेश तेव्हापासून तुमचं नाव आलं की उठून गोठ्यात जातो. (गाय मात्र खूश आहे.) वडिलांनंतर त्या मुलाने धरलेलं बोट तुमचं होतं. ते एका चेंडूसाठी सुटलं तर मला चालणार नाही. नियम तुम्ही पाळलात, चांगलं केलंत, आता या.

देवकीला आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

तुमची,
सुलोचना वहिनी

ता. क. खरं काम राहिलंच. जिंकलेला चषक कारापूरला नेताना त्यावरचा फोटो वाटेत निघाला. तो परत द्यायला त्यांचा गोलकीपर निलेश आईला घेऊन आपल्याकडे आला होता. गौरेश तेव्हा तुमच्यावर रुसून ओसरीवर तोंड बंद करून बसला होता. निलेशच्या आईला वाटलं, मुलगा किती शांत आहे. तिने आपल्या मुलीसाठी, स्नेहासाठी, शब्द टाकला. गौरेशला विचारलं, तर तो लगेच दाढी करून आला. येत्या रविवारी कारापूरला जायचं आहे. बोलणी मी करीन, ती मला जमतात. पण गौरेशच्या शेजारी बापाच्या जागी कोण बसणार? ती जागा रिकामी ठेवून मी त्या घरात जाणार नाही.

ता. ता. क. हे वाचून झाल्यावर कागद फाडा. निलेश स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला तेव्हा मी त्याला सरळ विचारलं, बोट लागलं होतं का. तो खाली बघून म्हणाला, "मावशे, मात्शें लागलें. कोणाक सांगूं नाकात." तेव्हा भावजी, वर मी जे तुम्ही बरोबर म्हणून लिहिलं आहे ते सगळं चूक आहे. नियम बरोबर होता, तुमचे डोळे नव्हते. हे आपल्या तिघांनाच ठाऊक. एकदा सोयरीक झाली की निलेश घरचा होईल आणि घरच्या माणसासारखा गप्प बसेल, म्हणून रविवार चुकवू नका.

आणखी एक, हे आधीच लिहायला हवं होतं. पत्र गौरेशच घेऊन आला आहे. पिशवीत कोकमाची सोलं आहेत ती काकीच्या हातात दे आणि पिशवी परत आण, एवढंच मी त्याला सांगितलं आहे. तुम्ही हे सगळं वाचेपर्यंत तो तुमच्या दारात हेल्मेट घालून उभा असेल, काकाने ये म्हटल्याशिवाय आत येणार नाही. उठा, आणि त्याला जेवायला बोलवा.